पालकसभा आणि शिक्षकांचे तास

शिक्षक दुपारीच मोकळे होतात मग संध्याकाळी पालकसभा घ्यायला काय जातंय, असं कुणीतरी लिहिलेलं वाचलं आणि राहवलं नाही. माझी बायको प्राथमिकला शिकवते. मागच्या शनिवारी सभा संपवून घरी आली तेव्हा साडेआठ वाजले होते, घसा पूर्ण बसलेला, आणि पिशवीत चौथीच्या 42 वह्या, त्या तिने जेवण झाल्यावर ओट्याशी उभं राहूनच तपासल्या कारण बसली असती तर झोप लागली असती.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात आठवड्याला 45 तास आहेत, पण त्यात पाठाची तयारीसुद्धा धरलीय हे कुणी बघतच नाही. पालकांना भेटणं हेही त्याच कायद्यात शिक्षकाचं कर्तव्य म्हणून लिहिलंय, मग ते 45 तासांच्या बाहेर का जावं? वर पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती भरणं, निवडणुकीची ड्युटी आहेच.

पालकांचंही बरोबर आहे, रोजंदारीवाल्याने दुपारी आलं की खाडा पडतो. म्हणून सभा संध्याकाळीच घ्या, फक्त दुसऱ्या दिवशी तेवढे तास उशिरा येऊ द्या ना बाईंना.