टेलिकॉम कंपनीचा सस्टेनेबिलिटी रिपोर्ट कसा वाचायचा?

निशिगंध:
प्रोजेक्टसाठी एका टेलिकॉम कंपनीचा रिपोर्ट वाचतेय. झाडं लावली, शाळांना टॅब्लेट दिले, 2050 पर्यंत नेट झिरो (म्हणजे निव्वळ कार्बन उत्सर्जन शून्य) होणार, प्रति जीबी वीज एवढी कमी झाली... वाचायला छान वाटतं पण यात खरं काम किती आणि सजावट किती ते कसं ओळखायचं? आतलं माहीत असलेलं कुणी सांगेल का प्लीज

आरएफवाला:
प्रति जीबीच्या आकड्यावर अजिबात जाऊ नका. उपकरणांची नवी पिढी आली की तो तसाही खाली येतो, पण लोकांचा डेटा त्याहून जोरात वाढला तर एकूण वीज वाढतेच ना. म्हणून एकूण मेगावॅट-अवर बघा, चार-पाच वर्षांचे आकडे एकाखाली एक लिहून काढा. मोबाईल नेटवर्कची बहुतेक वीज टॉवरच्या साइटवर जाते, ऑफिसात एलईडी लावल्याचे फोटो बघून काय उपयोग. रात्री ट्रॅफिक नसताना जादाचे कॅरिअर (सिग्नलच्या फ्रिक्वेन्सी) स्लीप मोडला टाकतात का, एसीशिवाय चालणारी कॅबिनेट बसवली का, जिथे ग्रिड नाही तिथला डिझेल जनरेटर काढून सोलर आणि लिथियम बॅटरी आली का, हे शोधा. आणि डिझेल अचानक कमी झालेलं दिसलं तर आधी बघा त्या वर्षी टॉवर दुसऱ्या कंपनीला विकलेत का!! धूर तेवढाच निघतो, फक्त स्कोप 1 (कंपनीने स्वतः जाळलेल्या इंधनाचं उत्सर्जन) मधून उठून स्कोप 3 (पुरवठादार, ग्राहक वगैरे इतरांकडून होणारं उत्सर्जन) मध्ये जातो.

ताळेबंद:
वरच्याशी सहमत. विजेमुळे होणाऱ्या उत्सर्जनाचे दोन हिशोब असतात, लोकेशन-बेस्ड (तिथल्या ग्रिडप्रमाणे) आणि मार्केट-बेस्ड (कंपनीने केलेल्या खरेदीप्रमाणे). रिन्यूएबल सर्टिफिकेट (तेवढी हरित वीज कुठेतरी तयार झाल्याचा दाखला) विकत घेतली की मार्केट-बेस्ड शून्यावर येऊ शकतो, लोकेशन-बेस्ड मात्र ग्रिडमध्ये कोळसा किती जळतो ते दाखवतो, त्यामुळे दोन्ही शेजारी ठेवून बघा. आणि 2050 तर लांब आहे, 2030 चं टार्गेट विचारा. आयटीयू (संयुक्त राष्ट्रांची दूरसंचार संस्था) आणि जीएसएमए (मोबाईल कंपन्यांची जागतिक संघटना) वगैरेंनी 2020 मध्ये या क्षेत्रासाठी 2020 ते 2030 मध्ये उत्सर्जनात 45 टक्के कपातीचा मार्ग आखून दिलाय, त्याच्याशी ताडून बघता येईल.

रिगर:
माणसांचं कुणीच बोललं नाही. टॉवरवर चढणारी पोरं बहुतेक कंपनीच्या पगारावर नसतात, कंत्राटदाराच्या खालच्या कंत्राटदाराची असतात. अपघातांचा आकडा फक्त स्वतःच्या कर्मचाऱ्यांचा दिला असेल तर तो अर्धवट समजा, तिथे कंत्राटी कामगार धरलेत का ते नक्की बघा, मला तरी सगळ्यात आधी हेच पान उघडावंसं वाटतं. जुन्या हँडसेट-राउटरचंही बघा. 2022 मध्ये जगात 6.2 कोटी टन ई-कचरा झाला आणि रीतसर गोळा होऊन रिसायकल झाला तो पाव हिस्सासुद्धा नाही.

निशिगंध:
बापरे, आत्ता परत उघडून बघितलं. स्कोप 3 मध्ये फक्त कर्मचाऱ्यांचा विमानप्रवास धरलाय आणि कंत्राटी कामगारांचा एक आकडा नाही.

ताळेबंद:
मग विकत घेतलेली उपकरणं आणि ग्राहकांना विकलेले हँडसेट कुठे गेले? टेलिकॉममध्ये स्कोप 3 चा मोठा भाग तोच असतो. रिपोर्टच्या शेवटी संपर्काचा ईमेल असेल, त्यावर हे दोन्ही सरळ लेखी विचारा आणि उत्तर आलं तर इथे टाका.