लंडनमध्ये तुम्हाला तुमची कॉफी कुठे सापडली? अनुभव लिहा

लंडनला येऊन मला अकरा वर्षे झाली. पहिली तीन वर्षे मी रोज सकाळी स्टेशनबाहेरच्या साखळी-दुकानातून कागदी पेला घेऊन गाडीत चढत असे. त्यात दूध पुष्कळ, फेस त्याहून पुष्कळ आणि कॉफी नावापुरती असे, पण जायफळ घालून उकळलेल्या दुधाच्या कॉफीवर वाढलेल्या मला त्यात काही वावगे वाटत नव्हते.

मग एका जानेवारीत पाऊस वाढला म्हणून मी लेदर लेनवरच्या ‘प्रुफ्रॉक’ या कॉफीच्या दुकानात शिरले. फलकावर ‘फिल्टर’ हा शब्द दिसताच माटुंग्याची, डबरा-पेल्यातून फेसाळत येणारी कॉफी डोळ्यांसमोर आली आणि मी तीच मागितली. आले ते काचेचे लहान भांडे, आणि त्यात कोऱ्या चहाच्या रंगाचे, दुधाचा थेंबही नसलेले पाणी. पहिला घोट चक्क आंबट लागला. दूध नासते तशी कॉफीही नासत असावी, अशा समजुतीने मी काउंटरवरच्या मुलीला हलक्या आवाजात तसे सुचवले. तिने हसू आवरून सांगितले की कॉफी केनियाची आहे, कॉफी हे मुळात एका लाल फळाचे बी असते आणि हा आंबटपणा त्या फळाचाच आहे; शिवाय थोडी निवू द्या, असेही ती म्हणाली. पाकिटावर ‘ब्लॅककरंट’ असे लिहिले होते, पण ते फळ मी कधी खाल्लेले नव्हते. दहा मिनिटांनी कोमट झालेला घोट घेतला तेव्हा जिभेला आठवले ते करवंद: पिकलेले, काळेभोर, महाबळेश्वरच्या वाटेवर पानांच्या द्रोणात मिळते ते. त्या दिवशी मी कचेरीत चाळीस मिनिटे उशिरा पोहोचले.

अशा कॉफीला लावतात त्या ‘स्पेशालिटी’ या शब्दाला ठरलेला अर्थ आहे, हे मला पुढे कळले. प्रशिक्षित चाखणारे मालाचा नमुना भाजून, चाखून त्याला शंभरपैकी गुण देतात आणि 80 किंवा त्याहून अधिक गुण मिळालेल्या मालालाच हे नाव लावतात. अर्थात दुकानाच्या पाटीवर हा शब्द रंगवायला कोणाची परवानगी लागत नाही, त्यामुळे शोध आपल्यालाच घ्यावा लागतो. तुमचा शोध कसा झाला, ते सविस्तर लिहावे. दुकानांच्या याद्या कुठेही मिळतात, म्हणून येथे नुसती यादी देऊ नये, ही विनंती.

ओल्ड स्ट्रीटचा जुना नोकरदार

माझा शोध एका कार्डामुळे झाला. 2009 साली अटलांटा येथे झालेली जागतिक बरिस्ता (कॉफी करून देणाऱ्यांची) स्पर्धा ग्विलिम डेव्हिस यांनी जिंकली. ते तेव्हा पूर्व लंडनमध्ये हातगाडीवर कॉफी विकत असत, आणि जगज्जेता माणूस बाजाराच्या कडेला थंडीत उभा राहून आपल्याला कॉफी करून देतो, याचे मला फार अप्रूप वाटे. त्यानंतर त्यांनी एक कार्ड काढले. इतर दुकाने ‘आमच्याकडे दहा वेळा या, एक कॉफी फुकट’ अशी कार्डे देतात. यांच्या कार्डावर मात्र पूर्व लंडनमधल्या दुसऱ्या आठ दुकानांची नावे होती. त्या आठही ठिकाणी कॉफी पिऊन शिक्के आणले, की नववी कॉफी डेव्हिस स्वतः फुकट पाजणार. कार्डाचे नाव ‘डिसलॉयल्टी कार्ड’ होते. आम्ही कचेरीतले दोघे मराठी त्याला ‘बेइमानीचे कार्ड’ म्हणत असू.

मला आठ शिक्के जमवायला दीड महिना लागला, कारण मी एका दिवशी एकाच दुकानात जायचे आणि तिथे निदान अर्धा तास बसायचे, असा नेम केला होता. त्या दीड महिन्यात कॉफी करणाऱ्याचे हात पाहायला शिकलो. कोरडी पूड 18 ग्रॅम, पेल्यात उतरणारी एस्प्रेसो 36 ग्रॅमच्या आसपास आणि वेळ अर्ध्या मिनिटाच्या आत, हा हिशेब बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. पण हवा बदलली, की दळण किंचित बारीक किंवा जाड करावे लागते. चांगल्या दुकानात सकाळच्या पहिल्या दोन-तीन कॉफ्या गिऱ्हाइकाला न देता मोरीत ओतून देतात. ती ओतलेली कॉफी पाहून माझा जीव तुटत असे, कारण आमच्या घरी ताटात अन्न टाकलेले चालत नाही. मात्र ज्या दुकानात काही ओतून दिलेले दिसत नाही तिथे सकाळी लवकर जाऊ नये, हा धडा त्यातूनच मिळाला.

एक दुरुस्ती येथेच करून ठेवतो. लंडनला चांगली कॉफी ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या मंडळींनी शिकवली, असे सर्रास म्हटले जाते. सोहोतल्या बर्विक स्ट्रीटवर ‘फ्लॅट व्हाइट’ नावाचे दुकान 2005 साली निघाले आणि त्यानंतर लाट आली, हे खरेच आहे. पण ‘मॉनमथ कॉफी’ हे दुकान 1978 पासून कॉव्हेंट गार्डनमध्ये कॉफी विकत आहे, आणि सुरुवातीची बरीच वर्षे ती तिथेच भाजतही असे.

चहाभक्त

मी विरुद्ध पक्षाचा आहे, तरी लिहितो. एका प्रसिद्ध दुकानात (नाव देत नाही) मी चार पौंडांहून अधिक देऊन एक पेला घेतला, लॅपटॉप उघडला आणि दोन मिनिटांत ‘शनिवारी-रविवारी लॅपटॉप चालत नाही’ असे ऐकून तो मिटला. साखर मागितल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर जे भाव उमटले, ते मी यापूर्वी फक्त पुण्यात दुपारी दोन वाजता दुकानाचे दार वाजवल्यावर पाहिले होते.

ओल्ड कॉम्प्टन स्ट्रीटवरच्या ‘अल्जेरियन कॉफी स्टोअर्स’शी मात्र माझे जुळले. दुकान 1887 पासूनचे, आत मावतील इतकी माणसे एका हातावर मोजावीत, आणि लाकडी फळ्यांवर कॉफीच्या बरोबरीने चहाचेही डबे. मी तिथे चहा घ्यायला जातो आणि उभ्या-उभ्या एक एस्प्रेसो पिऊन येतो. एवढे पुरे.

विमेकरी

मी ‘सिटी’त, म्हणजे लंडनच्या जुन्या व्यापारी भागात, विमा कंपनीत काम करतो. आमच्या धंद्याचा जन्मच कॉफीच्या दुकानात झाला, हे नोकरीच्या पहिल्या आठवड्यात सांगितले गेले होते: एडवर्ड लॉइड यांच्या कॉफीगृहात जहाजांचे मालक, कप्तान आणि जोखीम पत्करणारे व्यापारी बसत, आणि त्यातूनच आजची लॉइड्स ही विमा-बाजारपेठ उभी राहिली. पण मला ते दुकानांच्या शोधासाठी उपयोगी पडेल असे वाटले नव्हते.

एकदा दुपारच्या सुटीत कॉर्नहिलमागच्या बोळांत वाट चुकलो आणि सेंट मायकेल्स ॲलीमध्ये एका भिंतीवरची पाटी वाचली. 1652 साली पास्क्वा रोझे यांनी लंडनमधले पहिले कॉफीगृह तिथे काढले होते. आता त्या जागी मद्यालय आहे. तेव्हापासून जुन्या कॉफीगृहांच्या जागा शोधायच्या आणि तिथून सर्वांत जवळच्या चांगल्या दुकानात जाऊन त्यावर कॉफी प्यायची, असा छंद लागला. दुसऱ्या चार्ल्स राजाला या कॉफीगृहांतल्या गप्पा इतक्या झोंबल्या, की डिसेंबर 1675 मध्ये त्याने ती बंद करण्याचा जाहीरनामा काढला. ओरड एवढी झाली की तो अमलात येण्याआधीच जानेवारीत मागे घ्यावा लागला. आज त्याच गल्ल्यांत माणसे कानांत यंत्रे घालून, एकमेकांशी अवाक्षर न बोलता कॉफीसाठी रांगेत उभी असतात. राजाला हे फार आवडले असते.

रात्रपाळी

मी बर्मंडसीच्या परिसरातल्या एका रुग्णालयात डॉक्टर आहे. रात्रपाळी संपली की लगेच झोप येत नाही आणि घरी जाण्याचे त्राणही नसते, तेव्हा मी बर्मंडसी स्ट्रीटवरच्या ‘वॉचहाउस’मध्ये जाऊन बसते. ती लहानशी, बुटकी इमारत चर्चच्या दफनभूमीला लागून आहे आणि पहिल्यांदा गेले तेव्हा नावाचा अर्थ मी घड्याळाशी जोडला होता. प्रत्यक्षात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तिथे पहारेकरी बसत, कारण ताजी प्रेते उकरून शरीरशास्त्राच्या शिक्षकांना विकणाऱ्या टोळ्या तेव्हा जोरात होत्या. 1832 च्या कायद्याने शवविच्छेदनासाठी देह मिळण्याची कायदेशीर सोय झाली, तेव्हा तो धंदा बुडाला. म्हणजे ही चौकी ज्यांच्यापासून राखण करण्यासाठी बांधली, त्यांची गिऱ्हाइके माझ्याच व्यवसायातली होती. पहिल्या दिवशी हे वाचून माझी झोप पूर्ण उडाली; कॉफीचा त्यात काही वाटा असेल तर तो दुय्यम.

देवरुखी

ग्रीनिचजवळच्या एका दुकानात फळीवर पाकीट दिसले आणि त्यावर ठसठशीत अक्षरांत ‘रत्नागिरी’. मी कॉलर ताठ करून सांगितले की हा माझा जिल्हा आहे. दुकानदाराला आनंद झाला, त्याने मळ्याची उंची, सावलीची झाडे, मिरीचे वेल असे बरेच काही विचारले आणि मी, ज्याने आयुष्यात कॉफीचे झाड पाहिलेले नाही, आंब्यावरून अंदाज बांधत उत्तरे दिली. घरी येऊन पाहिले तर रत्नागिरी इस्टेट हा चिकमगळूरकडच्या, बाबा बुडनगिरीच्या डोंगरातला मळा निघाला. पुढचे दोन महिने मी त्या रस्त्याने गेलो नाही.

शेवटी धीर करून गेलो आणि खरे सांगून टाकले. भरपाई म्हणून त्याला ‘मॉन्सून्ड मलबार’ या भारतीय कॉफीचे कोडे उलगडून दिले, कारण ते त्याला पुस्तकातून ठाऊक होते पण पटत नव्हते. पूर्वी शिडाची जहाजे आफ्रिकेला वळसा घालून युरोपात येत आणि त्या महिनोन्महिन्यांच्या दमट प्रवासात कॉफी फुगून पिवळी पडे, तिचा आंबटपणा जाई. युरोपला तीच चव आवडू लागली. पुढे प्रवास लवकर होऊ लागल्यावर ती चव हरवली, म्हणून आजही मंगळूरच्या बाजूला पावसाळ्यात उघड्या गोदामांत कॉफी पसरून तिला मुद्दाम समुद्री वारा लावतात. त्याला हे चमत्कारिक वाटे. मी म्हटले, आमच्याकडे जुलैमध्ये पापडाचा डबा नीट न लावता चार दिवस ठेवून बघ. ‘सादळणे’ या क्रियापदाला त्याच्या भाषेत नेमका शब्द नाही. आता तो अडखळत का होईना, पण मराठीतूनच वापरतो.

कोल्हापूरची

गरोदरपणात कॉफी कमी करायला सांगितले, तेव्हा कॅफिन काढलेली कॉफी म्हणजे धुतलेल्या वाटीचे पाणी, अशीच माझी समजूत होती. हॅकनीतल्या एका दुकानात कोलंबियाची ‘शुगरकेन डिकॅफ’ मिळाली आणि चक्क गोडसर लागली. उसाच्या मळीपासून अल्कोहोल, त्यापासून एथिल ॲसिटेट, आणि त्या द्रावकाने बियांतले कॅफिन काढायचे, अशी ती रीत आहे. माझ्या वडिलांची उभी हयात साखर कारखान्यात गेली. त्यांना फोनवर सांगितले तर ते म्हणाले, “मळीचं काय काय करत्यात बघ,” आणि लगेच तिकडचा उसाचा दर विचारला, जो मला सांगता आला नाही.

दादरकर, मुक्काम वॉल्थमस्टो

वर ज्यांनी लिहिले त्यांना दुकान सापडले; मला दुकानामुळे माझ्या घरातले पाणी सापडले. मी ब्रॉडवे मार्केटवरून (क्लिम्पसन अँड सन्स हे तिथले नाव आधीच्या खाटकाच्या दुकानाचे आहे, हे ऐकून माझ्या शाकाहारी सासूबाई आजही बाहेरच उभ्या राहतात) इथिओपियाची कॉफी आणली, तराजू आणला, कॉफी गाळायचा जपानी शंकू आणला, 15 ग्रॅमला 250 ग्रॅम पाणी मोजून ओतले, आणि चव आली ती पाटीवरच्या पेन्सिलीची. तीन वेळा दळण बदलले, चव बदलेना. दुकानात जाऊन तक्रार केली तर तिथल्या मुलाने एकच प्रश्न विचारला: तुमच्या किटलीला आतून पांढरा थर आहे का?

लंडनचे पाणी खडूच्या खडकांतून येते आणि फार जड असते. त्यातले क्षार कॉफीतल्या आम्लाला मारतात, म्हणून हलकी भाजलेली, फळाच्या चवीची कॉफी घरी सपाट लागते. चांगली दुकाने गाळणी बसवून हे क्षार आधी कमी करतात. मुंबईच्या तलावांचे पाणी मऊ असते, त्यामुळे ही अडचण असू शकते हे मला कधी सुचले नसते. साधा गाळणीचा जग घेतल्यावर त्याच पाकिटातल्या उरलेल्या मुठभर बियांतून लिंबाच्या फुलाचा वास आला.

आई सावंतवाडीहून आली तेव्हा तिला कॉफी भाजण्याच्या एका गोदामात ‘कपिंग’ला, म्हणजे कॉफी चाखायला, नेले. पेल्यांत पूड टाकून गरम पाणी ओततात, चार मिनिटांनी वरची साय चमच्याने मोडतात, आणि जरा निवल्यावर प्रत्येक पेल्यातून चमचाभर घेऊन मोठ्याने भुरका मारतात, म्हणजे कॉफी जिभेवर सगळीकडे उडते. लहानपणी आमटीचा भुरका मारला म्हणून जिने मला पाठीत धपाटे घातले, ती आई आठ परक्या माणसांत उभी राहून, पदर सावरून, सर्वांत खणखणीत भुरके मारत होती. फळासकट वाळवलेल्या एका इथिओपियन कॉफीपाशी ती थांबली, पुन्हा एक चमचा घेतला आणि म्हणाली, “हा बरका फणस आहे.” मी भाषांतर करून सांगितले. भाजणाऱ्याने आपल्या कागदावर ‘जॅकफ्रूट’ लिहिले. आईने मला तो कागद वाचून दाखवायला लावला, बरका कुठे लिहिला आहे ते विचारले, आणि नुसते फणस लिहून चालणार नाही, कापा वेगळा, त्याचे गरे कोरडे आणि करकरीत असतात, बरक्याचे मऊ, रसाळ, घशात सरकणारे, हे मला थांबवून-थांबवून भाषांतर करायला लावत त्याला दहा मिनिटे समजावून सांगितले. त्याने ‘जॅकफ्रूट’ खोडून पुढे काय लिहावे ते विचारले, तेव्हा स्पेलिंग मी सांगितले.