चेतना सिन्हा आणि माणदेशी बँक: बचत गटासमोर दहा मिनिटं बोलायचंय, काय सांगू?

कोरेगावची_सून:
नमस्कार मंडळी. आमच्या गावात (कोरेगाव तालुका) बचत गटाच्या बायकांचा महिला दिनाचा कार्यक्रम असतो. दरवर्षी सावित्रीबाईंवर बोलतो आणि ते बोललंच पाहिजे, त्या तर आपल्याच जिल्ह्यातल्या नायगावच्या. पण यंदा गटातल्या बायकाच म्हणाल्या की ताई, आत्ताच्या काळातली, आपल्याकडचीच, पैशाअडक्यात काम केलेली कुणी असेल तर तिचं सांगा. मला लगेच म्हसवडच्या, माणदेशी महिला बँक काढणाऱ्या चेतना सिन्हा आठवल्या. मोबाईलवर शोधलं तर सगळीकडं पुरस्कार आणि परिषदा, नारीशक्ती पुरस्कार, २०१८ ला दावोसच्या परिषदेच्या सहअध्यक्षा वगैरे. अभिमान आहेच, पण आमच्या बायका पापड, शेवया आणि कांदालसूण चटणी करून विकतात, त्यांना दावोसचं सांगून काय उपयोग? बँक उभी कशी राहिली, बायकांनी नेमकं काय केलं, आणि याला धंदा म्हणायचं का समाजकार्य, हे कुणी त्या भागातलं समजावून सांगेल का? सातवी-आठवी शिकलेल्या बाईला कळेल असं हवंय.

म्हसवडकर:
ताई, चांगला विषय घेतलात. चेतनाताई मूळच्या मुंबईच्या, अर्थशास्त्र शिकलेल्या, जयप्रकाश नारायणांच्या चळवळीत होत्या. विजय सिन्हा हे चळवळीतलेच आणि इथले शेतकरी, त्यांच्याशी लग्न करून त्या म्हसवडला आल्या. आमचा माण तालुका म्हणजे पाऊस पडला तर पडला. माणसं मेंढरं घेऊन नाहीतर ऊसतोडीला बाहेर पडणार, बाया रोजगाराला नाहीतर बाजारात भाजी विकायला. त्यात घरात नळ नाही, संडास नाही, मुंबईच्या मुलीनं तिथं संसार मांडला.

बँकेची सुरुवात कांताबाईपासून सांगा. रस्त्याच्या कडेला पाल टाकून लोहारकाम करणारी बाई. तिला पावसाळ्याआधी पालावर टाकायला प्लॅस्टिकचा कागद घ्यायचा होता म्हणून ती थोडे थोडे पैसे साठवायला बँकेत गेली. कर्ज नव्हती मागत, स्वतःचेच पैसे ठेवायचे होते, तरी एवढ्या किरकोळ रकमेचं खातं उघडायला कुणी तयार नव्हतं. ती चेतनाताईंकडं आली आणि त्यातून विचार निघाला की मग बायकांचीच बँक काढू. रिझर्व्ह बँकेकडं अर्ज केला आणि तो परत आला, कारण प्रवर्तक म्हणजे बँक काढणाऱ्या बायकांना लिहितावाचता येत नव्हतं, कागदावर अंगठे होते.

चेतनाताईंनी स्वतः सांगितलंय की अर्ज नाकारल्यावर त्या गावी परत आल्या तेव्हा रडवेल्या झाल्या होत्या, आणि बायकाच म्हणाल्या की रडायचं कशाला, शिकू की आम्ही लिहायला. दिवसभर काम करून रात्री अक्षरं गिरवली आणि पाच महिन्यांनी बायका परत अधिकाऱ्यांसमोर. तिथं त्यांनी सुनावलं की आमच्या लहानपणी गावात शाळाच नव्हती, त्याला आम्ही काय करणार, पण हिशोब येतो. कुठलीही रक्कम सांगा, व्याज काढून दाखवतो, आणि तुमच्या साहेबांनाही कॅल्क्युलेटर न घेता काढायला सांगा, बघू कुणाचं आधी निघतंय. १९९७ ला माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. ग्रामीण बायकांनी बायकांसाठी काढलेली देशातली पहिली बँक म्हणतात ती हीच. दहातली पाच मिनिटं तुम्ही एवढ्यावरच घालवा, बायका हलणार नाहीत जागच्या.

आटपाडीवाला:
मी सांगली जिल्ह्यातला पण माणदेश आमचाबी आहे, कागदावर जिल्हा बदलतो, दुष्काळ तोच. म्हसवडकर भाऊंनी बरोबर सांगितलं, फक्त छोट्या रकमेला बँका का नको म्हणतात ते बायकांना उलगडून सांगा ताई. दहावीस रुपये भरून घ्यायला जेवढा कारकुनाचा वेळ जातो तेवढाच दहा हजाराला जातो, म्हणून मोठ्या बँकेला ते परवडत नाही. आणि बाईला बँकेत जायचं तर तिचा दिवसाचा रोजगार बुडतो, मग ती कशाला जाईल. माणदेशीच्या बायकांनीच हे मांडलं की आम्ही येत नाही, तुम्ही या, आणि बँकेची माणसं दारात न् बाजारात जाऊन पैसे गोळा करायला लागली. आपल्याकडं पिग्मीवाला दुकानात येतो तसंच, पण तो भाजीच्या पाटीपर्यंत आला हे महत्त्वाचं.

माझी आत्या आठवडी बाजारात भाजी विकायची. पहाटे सावकाराकडून नऊशे घ्यायचे, माल उचलायचा आणि दिवस मावळायच्या आत हजार त्याच्या हातावर ठेवायचे. शंभर रुपये एका दिवसाचं व्याज! तिला कधी ते व्याज वाटलंच नाही, बाजाराचा खर्च म्हणूनच धरायची, जसं टेम्पोभाडं. अशा बाईला बँकेनं रास्त व्याजानं भांडवल दिलं तर ते शंभर तिच्या पदरात राहतात, आणि वर्षभर दर बाजाराला राहिले तर शेरडू येतं दारात. तुमच्या पापडवाल्यांना हे सांगा, त्यांना आकडा लगेच कळेल.

सहकार_कराड:
धंदा का समाजकार्य, यावर बोलतो कारण मी सहकारी बँकेतच नोकरी केली. बँक म्हणजे दान नव्हे ताई आणि तुम्ही भाषणात तसं म्हणू नका, त्यात त्या बायकांचा कमीपणा होतो. ठेवी बायकांच्या, कर्जही त्यातूनच जातं, म्हणजे एकीनं हप्ता बुडवला तर तो दुसरीच्या साठवणीवर येतो. व्याज घ्यावंच लागतं, वसुली करावीच लागते, वर रिझर्व्ह बँकेची तपासणी. समाजकार्याचा भाग वेगळा, त्यासाठी माणदेशी फाउंडेशन आहे, ते बँकेच्याही आधी, १९९६ चं. २००६ पासून ग्रामीण बायकांसाठी धंद्याची शाळा आहे त्यांची, बस घेऊन गावात जातात आणि हिशोब ठेवणं, मालाची किंमत ठरवणं असलं शिकवतात. मला यातली मोठी गोष्ट हीच वाटते की दोन्हीची गल्लत केली नाही. आपल्याकडं कितीतरी पतसंस्था चांगुलपणाच्या नावाखाली वाटेल तसं कर्ज वाटून बुडाल्या आणि ठेवीदार म्हातारी माणसं हेलपाटे घालत बसली.

माणगंगेची_लेक:
वहिनी, एक विनंती. चेतनाताईंबद्दल मला फार आदर आहे, पण मुंबईहून एक बाई आली आणि तिनं बिचाऱ्या गावच्या बायकांचा उद्धार केला असं सांगू नका. त्या स्वतःही तसं सांगत नाहीत, दरवेळी अमकी बाई मला काय म्हणाली हेच सांगतात. पासबुकाचंच घ्या. बायका म्हणाल्या पासबुक आम्हाला घरी द्यूच नका, नवऱ्याला आकडा दिसला की पैसे गेलेच समजा. कुठल्या मॅनेजरला हे सुचलं असतं? घरात राहून ज्यांनी डब्यात, तांदळात, उशीच्या खोळीत पैसे लपवलेत त्यांनाच सुचणार.

आणि २०१२ च्या दुष्काळाचं तर सांगाच. केराबाई नावाच्या एक बाई सोनं गहाण ठेवायला बँकेत आल्या, जनावरांच्या चाऱ्यासाठी. म्हणजे बँकेचा व्यवहारच झाला की. पण त्यांनी उलटा सवाल केला की सोनं ठेवून पैसे मिळतील, पाणी मिळंल का? आणि पाण्यावाचून आम्ही गाव सोडलं तर तुम्ही बँक कुणाबरोबर चालवणार? त्यावर चेतनाताईंकडं उत्तर नव्हतं. त्यातून म्हसवडला चारा छावणी उभी राहिली, पाऊस लांबत गेला तशी छावणी दीड वर्ष चालली. माझ्या माहेरची जनावरं होती तिथं. दावणीला जनावर, शेजारी बाज, तिथंच चूल, माणसं जनावरांपाशीच राहायची, आणि केराबाई छावणीभर फिरून गाणी म्हणायच्या, लोकांनी धीर सोडू नये म्हणून. पुढं त्या माणदेशीच्या रेडिओवर गेल्या आणि म्हणाल्या मला कार्यक्रम द्या. लिहितावाचता येत नाही तर स्क्रिप्ट कशी लिहिणार असं विचारलं, तर म्हणाल्या गाता येतंय की, त्यात काय मोठंसं. मिळाला कार्यक्रम.

दहा मिनिटात कांताबाई आणि केराबाई दोघी बसवा, बाकीचं राहू द्या.

कोरेगावची_सून:
सगळ्यांचे मनापासून आभार. आटपाडीवाले दादा, ते नऊशे-हजाराचं मी गटातल्या दोघींना आजच सांगितलं, तर एक म्हणाली आमच्या मसाल्याच्या मिरचीचं पण असंच होतं, व्यापारी उधारीवर देतो आणि किलोमागं भाव चढवून लावतो. आता त्या दोघी वही घेऊन बसल्यात, वर्षाला नुसते उधारीचे किती जातात ते काढायला. सहकार कराड, तुम्हाला एक विचारायचंय, आमच्या गटाची बचत बऱ्यापैकी जमलीय पण ती नुसती खात्यावर पडून असते. मिरचीच्या सीझनला तीच अंतर्गत कर्ज म्हणून फिरवली तर व्याज किती लावावं?

सहकार_कराड:
सगळ्याजणींनी बैठकीत ठरवून लावा आणि ठरावाच्या वहीत लिहा. बरेच गट महिन्याला शेकडा दोन लावतात, एक लावणारेही आहेत. व्याज शेवटी गटातच येतं त्यामुळं त्यावर वाद घालू नका, परतफेडीच्या तारखेवर घाला. मिरची मार्चमध्ये घेणार आणि मसाला मेअखेर विकला जाणार असेल तर हप्ता जूनपासून धरा, एप्रिलला मागितला तर ती बाई बाहेरून हातउसने आणून फेडेल.

माणगंगेची_लेक:
आणि वहिनी, कार्यक्रमात पहिली ओवी तुमच्या गटातल्या एखाद्या आजींना म्हणायला लावा. माईक द्या हातात त्यांच्या.