भाड्याने देण्यासाठी पहिला फ्लॅट? कर्ज काढून तरी घेऊ नका

ताथवडेकर
महिन्याभरात ऑफिसातल्या तिघांनी विचारलं, "तुझा फ्लॅट भाड्याने आहे ना, आम्हीपण घेऊ का?" तिघांची समजूत तीच, जी 2018 साली माझी होती: हप्ता भाडेकरू भरतो आणि वीस वर्षांनी घर आपलं.

माझे आकडे मांडतो. पुण्यात ताथवड्याला टू बीएचके, सगळे खर्च धरून 62 लाख. कर्ज 45 लाख, हप्ता 39 हजार. पहिलं भाडं 17 हजार. म्हणजे दरमहा 22 हजार माझ्या खिशातून. 2020 ला हिंजवडीच्या आयटी कंपन्यांतली पोरं लॅपटॉप घेऊन गावी गेली आणि फ्लॅट सात महिने कुलूपबंद होता. हप्ता आणि मेंटेनन्स चालूच.

आज भाडं 25 हजार आहे. लोक 25 गुणिले 12 करून खूश होतात. मी 11 ने गुणतो, कारण भाडेकरू बदलला की एक महिना जातोच. झाले 2 लाख 75 हजार. त्यातून मेंटेनन्स 38 हजार, घरपट्टी 14, रंग-दुरुस्ती सरासरी 20, एजंटची दलाली दोन वर्षांत एकदा धरली तर वर्षाला साडेबारा. हातात उरले 1 लाख 90 हजार. 62 लाखांवर तीन टक्के! कर्जाचं व्याज साडेआठ टक्के.

"टॅक्स वाचतो" असं सेल्स ऑफिसात अजून सांगतात. नव्या करप्रणालीत घराचा तोटा (भाड्यापेक्षा जास्त भरलेलं व्याज) पगारातून वजा होत नाही. जुन्यातही वर्षाला दोन लाखांपर्यंतच.

सायली_धनकवडी
हिशोब बरोबर, निष्कर्ष चूक. तुमचं चुकलं ते घर निवडण्यात, भाड्याने देण्यात नाही.

मी 2016 ला धनकवडीत वन बीएचके घेतला. रीसेल, इमारत तेव्हाच वीस वर्षांची, लिफ्ट नाही, दुसरा मजला. 36 लाख. कर्ज फक्त 12 लाख काढलं, सहा वर्षांत फेडलं. भाडं 11 हजारांपासून आज 19 हजार. पलीकडे कॉलेज, हाकेच्या अंतरावर दोन हॉस्पिटलं. माझ्याकडे नर्सच राहतात, एक गेली की दुसरीला सांगून जाते. दहा वर्षांत घर रिकामं राहिलं ते मोजून पाच आठवडे.

आणि हप्ता ही सक्तीची बचत असते. बाजार पडला की एसआयपी (म्युच्युअल फंडातली दरमहाची गुंतवणूक) बंद करणारे मी घरात पाहिलेत (नवरा). हप्ता कोणी बंद करत नाही.

ताथवडेकर
ताई, 36 पैकी 24 लाख रोख होते तुमच्याकडे. मग आपण एकच बोलतोय की! माझा धागा कर्जावर घेणाऱ्यांसाठी आहे.

सायली_धनकवडी
तुमच्या शीर्षकात "कर्ज काढून तरी घेऊ नका" आहे. मी कर्ज काढलं होतं. किती काढायचं हा प्रश्न आहे. माझा नियम साधा होता: मेंटेनन्स, घरपट्टी काढून उरलेल्या भाड्यात निदान व्याज तरी सुटलं पाहिजे. तुम्ही किंमत वाढल्याचंही धरलं नाहीत.

ताथवडेकर
धरलं नाही कारण ती हातात आलेली नाही. मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी मागच्या दिवाळीत फ्लॅट 85 ला विकायला काढला. रस्त्यापलीकडे नव्या प्रोजेक्टचा सँपल फ्लॅट जवळपास त्याच भावात दिसतो, वर मॉड्युलर किचन. जुना कोण घेईल? अजून बोर्ड लटकतोय.

आणि मनस्ताप कुठल्या रकान्यात लिहू? गेल्या पावसाळ्यात खालच्या काकांचा फोन आला, "जरा येऊन बघता का." त्यांच्या बाथरूमच्या पीओपीवर चहा सांडल्यासारखं पिवळं वर्तुळ, मधोमध थेंब, खाली बादली. प्लंबर म्हणाला, नहाणी ट्रॅप गेलाय, टाइल्स फोडाव्या लागतील. सहा दिवस माझा भाडेकरू समोरच्या घरी टॉवेल घेऊन अंघोळीला जात होता. बिल 46 हजार, पीओपी आणि रंग त्यांचाही माझ्याच खर्चात. त्या वर्षी माझे ते तीन टक्के दोन-सव्वादोनवर आले.

पेठेतला_वाडा
कर्ज घ्या, नका घेऊ, पण भाडेकरू ठेवूच नका. आमच्या वाड्यात आजोबांच्या काळापासून एक बिऱ्हाड आहे. भाडं महिना 60 रुपये. पावती फाडायला मी जातो तेव्हा चहा ते पाजतात, तो 60 रुपयांपेक्षा महाग पडत असेल. घर एकदा दिलं की गेलं.

कागदपत्रवाला
काका, तुमचं जुनं भाडेकरार-संरक्षण आणि आजचं लीव्ह अँड लायसन्स यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आज तुम्ही घरावर हक्क देत नाही, राहण्याची परवानगी देता. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात मुदत संपूनही न निघणाऱ्याला दुप्पट दराने पैसे भरायला लावण्याची आणि सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून घर रिकामं करून घेण्याची सोय आहे. पण करार लेखी आणि नोंदणीकृत हवा.

खडकीकर
नोंदणी कशाला? अकरा महिन्यांचं असेल तर नोटरी पुरते. आम्ही वर्षानुवर्षं 500 रुपयांत करतो.

कागदपत्रवाला
हाच तो गैरसमज. "अकरा महिने म्हणजे नोंदणी नको" हे इतर राज्यांत चालत असेल. महाराष्ट्रात कलम 55 नुसार लीव्ह अँड लायसन्सची नोंदणी सक्तीची आहे, मुदत कितीही असो. जबाबदारी घरमालकाची. नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 पर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून वाईट म्हणजे वाद झाला तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू म्हणेल ते धरून चालतात, उलट सिद्ध तुम्ही करायचं.

आणि खर्च तरी किती? 25 हजार भाडं, 75 हजार डिपॉझिट, अकरा महिने. स्टँप ड्यूटी पाव टक्का, म्हणजे सातशेच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1000. घरबसल्या अंगठा देऊन होतं. पोलिसांना भाडेकरूची माहितीही ऑनलाइन देता येते, ती द्याच.

सोसायटीचंही बघून ठेवा. ना-वापर शुल्क (मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून सोसायटी घेते ते) सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. कमिटी "भाडेकरूवाल्यांना डबल मेंटेनन्स" म्हणाली तर लेखी मागा, बहुतेक वेळा तिथेच विषय संपतो.

सायली_धनकवडी
त्यात भर: पुणे मनपाची घरपट्टीतली 40 टक्के सवलत स्वतः राहणाऱ्याला आहे. भाड्याने दिलं की गेली.

अकरा_महिने
भाडेकरू म्हणजे वाळवी असल्यासारखी चर्चा चाललीय, म्हणून लिहितो. नऊ वर्षांत पाच घरं बदलली. त्यातली तीन फक्त यासाठी, की अकरा महिने झाले की मालकाला दहा टक्के वाढ हवीच. ताथवडेकर, तुमच्याच आकड्यांनी बघा. 25 हजारांवर दहा टक्के म्हणजे अकरा महिन्यांत साडेसत्तावीस हजार जास्त. मी निघालो तर एक महिना घर रिकामं आणि एक महिन्याची दलाली, गेले 50 हजार. वर रंग.

गीझर बिघडला तर त्याच दिवशी माणूस पाठवणारे एक काकू होते कर्वेनगरात. चार वर्षं राहिलो, वाढ दरवेळी पाच टक्के, मी स्वतःहून दिली. निघताना डिपॉझिट पूर्ण परत. बाकीच्यांनी "रंगाचे" म्हणून एका महिन्याचं भाडं कापलं आणि रंग काही लावला नाही. पुढच्या भाडेकरूनेच सांगितलं.

ताथवडेकर
पाच टक्क्यांचं पटलं. मी दहाच लावत होतो.

नवशिक्या_29
मग माझं काय? वय 29, 18 लाख जमलेत. रावेतला बांधकाम चालू असलेला 72 लाखांचा टू बीएचके, दुसरा फेज. 11 हजार टोकन दिलंय. सेल्सवाला म्हणतो 25 हजार भाडं कुठेही जात नाही.

ताथवडेकर
जीएसटी 5 टक्के, 3 लाख 60 हजार. स्टँप ड्यूटी 7 टक्के, 5 लाख 4 हजार. नोंदणी 30 हजार. झाले जवळजवळ 9 लाख. बँक 80 टक्के देईल, म्हणजे वरचे 14 लाख 40 हजारही तुमचेच. बेरीज 23 लाखांच्या पुढे. जीएसटी बँकेने कर्जात धरला तरी 20 च्या वर. तुमच्याकडे 18 आहेत. हप्ता 50 हजार. ताबा मिळेपर्यंत भाडं शून्य, आणि तुम्ही स्वतः कुठे राहता? भाड्यानेच ना?

सायली_धनकवडी
आईच्या नावावर घेतला तर स्टँप ड्यूटीत एक टक्का, म्हणजे 72 हजार वाचतील. तरी या वेळी मी ताथवडेकरांच्या बाजूने. पण सगळंच सोडून देऊ नका. पहिल्या फेजमध्ये लोक राहायला आलेत ना? एखाद्या दिवशी रात्री आठला जाऊन दिवे मोजा. आणि सकाळी सातला टँकर.

पेठेतला_वाडा
सोनं घे बाळा.

नवशिक्या_29
काल जाऊन आलो. बी विंगला 88 फ्लॅट, ताबा देऊन दीड वर्ष झालंय. दिवे 31. वॉचमन म्हणाला बाकीचे "इन्व्हेस्टरचे" आहेत, अठरा-वीस हजारांत मिळेल, हवाय का. त्याच्या वहीत चौदा फ्लॅटच्या चाव्यांची नोंद होती. आज सकाळी सात ते आठ, टँकर तीन.

टोकन परत मागायला शनिवारी जातोय. सायलीताई, धनकवडीच्या तुमच्या एजंटचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का?