आपल्याच माणसांना ‘हे खोटं आहे’ सांगताना

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावाने पाच जणांना मारून टाकलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून पोट भरणारी माणसं होती ती. मुलं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज आधीपासून फोनांवर फिरत होते. त्या काळात देशभर फिरलेला एक व्हिडिओ अनेकांना आठवत असेल. मोटरसायकलवरचे दोघे गल्लीत खेळणाऱ्या पोराला उचलून नेतात. तो कराचीतल्या बालसुरक्षा मोहिमेच्या जाहिरातीचा तुकडा होता. मूळ जाहिरातीत ते दोघे परत येतात, पोराला खाली उतरवतात आणि पालकांना सावध करणारा फलक कॅमेऱ्यासमोर धरतात. हा शेवट कोणीतरी कापला.

कापणारा कोणी एक असेल. पाठवणारे मात्र मुलांच्या काळजीने पाठवत होते. आणि शंका येऊनही गप्प बसलेले किती असतील? मला त्या गप्प बसण्याबद्दल विचारायचं आहे. अनोळखी माणसाला आपण फटकन खोटारडा म्हणतो. काकांना, जुन्या सरांना, आपल्याच पक्षातल्या माणसाला सांगताना जीभ रेटत नाही. सार्वजनिक चर्चा टिकते की मोडते ते तिथे ठरतं, असं माझं मत आहे. तुम्ही बोललात का? पुढे काय झालं? सविस्तर लिहा. माणसांची आणि ग्रुपची नावं मात्र नकोत.

* * *

मी परिचारिका. करोनाच्या लसीकरण केंद्रावर माझी ड्युटी होती, आणि घरच्या ग्रुपवर ‘लस घेतली की मूल होत नाही’ असा कुणा डॉक्टरचा ऑडिओ फिरत होता. पाठवणारी माझी सख्खी आत्या. मी ग्रुपवर खुलासा लिहिला, तर प्रकरण ‘मोठ्यांशी असं बोलतात का’ इथवर गेलं. मग तिच्या घरी गेले. शेजारी बसून तोच ऑडिओ लावला आणि विचारलं, “आत्या, या डॉक्टरचं नाव काय गं? दवाखाना कुठे? हा बोललाय कधी?” ऑडिओत यातलं काहीच नव्हतं. तिने स्वतःच तो पुन्हा लावून ऐकला. मग हळूहळू खरं कारण बाहेर आलं. सुनेला दिवस राहत नव्हते. ती धास्ती मनात होतीच, ऑडिओने तिला बोट धरून पुढे नेलं. मी ग्रुपवर त्या धास्तीला लिंक पाठवून उत्तर देत होते!

आम्ही बराच वेळ बोललो, त्यातलं निम्मं सुनेबद्दलच. नंतर आत्यानेच ग्रुपवर लिहिलं, ‘तो ऑडिओ कोणाचा आहे माहीत नाही, पुढे पाठवू नका.’ माझ्या खुलाशाला वाद मिळाला होता. तिच्या ओळीवर कोणी वाद घातला नाही.

* * *

वरच्या ताईंच्या आत्यांनी त्याच ग्रुपवर लिहिलं, हे मला फार मोलाचं वाटतं. वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम करताना रोज दिसतं की खोटं ज्यांच्यापर्यंत पोचलं, त्यांच्यापर्यंत खुलासा पोचत नाही. तो वाचतात ते आधीपासून सावध असलेले. आमच्याकडे एक नियम पाळतात: खुलाशाच्या मथळ्यात खोटा दावा पुन्हा लिहायचा नाही, कारण घाईत वाचणाऱ्याच्या लक्षात तेवढाच राहतो.

२०१८ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या संशोधकांचा अभ्यास आला होता. ट्विटरवर २००६ ते २०१७ या काळात पसरलेल्या सुमारे १,२६,००० बातम्या त्यांनी तपासल्या. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्क्यांनी जास्त निघाली. स्वयंचलित खाती वगळून पाहिलं तरी चित्र बदललं नाही. म्हणजे हे माणसांनीच केलेलं होतं.

* * *

मी एका पक्षाची कार्यकर्ती आहे, कोणत्या ते महत्त्वाचं नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२६ मुळे मतदान संपण्याआधीचे ४८ तास जाहीर प्रचार बंद असतो. सभा थांबतात, भोंगे थांबतात, आणि फोनवरचा प्रचार तेव्हाच सगळ्यात जोरात चालतो. अशाच एका संध्याकाळी बूथप्रमुखांच्या ग्रुपवर समोरच्या उमेदवार बाईंची क्लिप आली. त्या ठणकावून म्हणतात, “आम्ही आलो तर ही योजना बंद करू.” खाली सूचना होती: मतदार यादीप्रमाणे सगळ्यांना पाठवा.

मला ते वाक्य खटकलं. भाषण मी शोधून पूर्ण ऐकलं. बाई म्हणाल्या होत्या, “विरोधक सांगत फिरतात, की आम्ही आलो तर ही योजना बंद करू. हे धादांत खोटं आहे.” मागचं-पुढचं कापून मधलं ठेवलं होतं. प्रचारप्रमुखांना फोन केला. म्हटलं, “दादा, हे आपण पाठवायचं नाही.” ते म्हणाले, “त्यांनी आपल्याबद्दल काय कमी पाठवलंय? आत्ता तत्त्वं काढत बसू नकोस.” मग मी माझ्या ओळखीच्या बूथप्रमुखांना एकेक करून फोन केले. काही थांबले. काहींनी ‘वरून आलंय’ म्हणून पाठवली. मला ग्रुपमधून काढलं.

दुसऱ्या दिवशी मतदार चिठ्ठ्या घेऊन घरोघरी गेले, तर दारातला पहिला प्रश्न त्या क्लिपचा. तोवर याच बायका मला पाण्याच्या वेळेबद्दल बोलायच्या, शाळेत शिक्षक का नाहीत ते विचारायच्या, आमच्याच नगरसेवकावर तोंडसुख घ्यायच्या. ते सगळं एका संध्याकाळीत पुसलं गेलं. आपल्या बाजूच्या खोट्याने नुकसान समोरच्याचं होतं असं कार्यकर्त्यांना वाटतं. मी पाहिलं ते असं, की मतदाराने आम्हाला विचारायचे प्रश्नच आम्ही त्याच्या हातून काढून घेतले. निकाल मुद्दाम सांगत नाही. त्यावरून काही सिद्ध होत नाही.

* * *

नववीच्या वर्गाला मी जुने फोटो शोधून ताडून पाहायला शिकवते. व्हॉट्सॲपवर दोन बाणांची खूण दिसली, की तो मेसेज खूप वेळा फिरलेला आहे, हेही सांगते. मुलं भराभर शिकतात. पण एका मुलीने विचारलं, “बाई, मग सगळंच खोटं असतं का?” तेव्हापासून मी खऱ्या निघालेल्या बातम्याही तपासायला देते. सगळ्यावर अविश्वास ठेवणारा नागरिक खोटं बोलणाऱ्या पुढाऱ्याला सोयीचाच असतो. खरी चित्रफीत बाहेर आली तरी ‘हे डीपफेक आहे’ एवढं म्हणून त्याची सुटका होते.

* * *

मी वकिली करतो. वरचं सगळं पटतं, पण ‘खोटं’ कोणी ठरवायचं हा प्रश्न इथे कोणी काढला नाही. ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ मजकुरासाठी शिक्षा सांगणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ अ सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्येच रद्द केलं. तरीही त्याखाली गुन्हे नोंदवले जात असल्याबद्दल त्याच न्यायालयाला २०२१ मध्ये तीव्र आश्चर्य व्यक्त करावं लागलं. केंद्र सरकारच्या कारभाराबद्दलचा मजकूर खरा की खोटा हे सरकारच्याच कक्षाने ठरवायचं, असा नियम २०२३ मध्ये आला होता. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये तो रद्द केला.

माझ्याकडे आलेल्या एका कॉलेजच्या पोराने रस्त्याच्या निकृष्ट कामाचे फोटो टाकले होते. अफवा पसरवतो म्हणून त्याला ठाण्यात बोलावलं. वडील बाकावर हात जोडून बसलेले, आणि पोराला ‘पोस्ट काढ, माफीनामा लिही’ म्हणून सांगणं चाललेलं. फोटो त्या आठवड्यातलेच होते, मूळ फाइलवर तारीख होती. ती दाखवल्यावर विषय मिटला. म्हणून खोटं थांबवायचं काम आत्याच्या शेजारी बसून, बूथप्रमुखांना फोन करून झालं तर मला जास्त आवडेल. ते ठाण्याकडे सोपवलं, की पहिला फटका या पोरासारख्यांना बसतो.

* * *

कार्यकर्तीताई, ग्रुपमधून काढल्यावर तुम्ही पक्ष सोडलात का? माझ्यावर तशीच वेळ आली आहे.

* * *

नाही सोडला. मी सोडला तर त्या ग्रुपवर ‘हे पाठवायचं नाही’ म्हणणारं एक माणूस कमी होईल. तालुका बैठकीला लेखी ठराव दिला आहे: पूर्ण भाषणाची लिंक जोडल्याशिवाय कोणाचीही क्लिप ग्रुपवर टाकायची नाही, समोरच्याची नाही आणि आपल्या नेत्याचीही नाही. विषयपत्रिकेवर तो शेवटून दुसरा आला आहे. तिथवर निम्मे लोक उठून गेलेले असतात, म्हणून तो वर घ्यावा असं पत्र काल दिलं. दादा म्हणतात, तोंडी चर्चा करू. मी हात वर करून मतदान मागणार आहे.