गच्चीवरील बागेसाठी विकतची लाल माती आणणे थांबवावे का?

पानगळ:
पावसाळा तोंडावर आला की पुण्यातील रोपवाटिकांसमोर लाल मातीच्या गोण्यांची थप्पी लागते. ही माती कुठल्या तरी डोंगरउतारावरून खरवडून आणलेली असते आणि तिचा इंचभर थर पुन्हा घडायला निसर्गाला काही शतके लागतात. त्याच शहरात पानगळीच्या दिवसांत सोसायट्यांच्या आवारात सुका पालापाचोळा सर्रास पेटवला जातो. श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवार या शेतीप्रयोग करणाऱ्या गटाने जैवभारापासून, म्हणजे पाला-काडीकचऱ्यापासून, माती घडवण्याचा विचार काही दशकांपूर्वीच मांडला होता. तरीही आपण एकीकडे पाने जाळतो आणि दुसरीकडे पैसे मोजून माती आणतो. माझ्या मते नव्या बागेसाठी माती विकत घेऊच नये.

पाल्याचे कंपोस्ट करून तेच मातीऐवजी वापरण्याची कृती अवघड नाही. सुक्या पानांत कर्ब (कार्बन) भरपूर आणि नत्र (नायट्रोजन) अत्यल्प असते, तर भाजीच्या देठांत व सालींत नत्र तुलनेने बरेच असते. कर्ब-नत्राचे गुणोत्तर 25 ते 30 च्या आसपास राहिले तर ढीग तापतो आणि कुजण्याची क्रिया वेगाने होते. भोके पाडलेल्या पिंपात एक भाग ओला कचरा आणि दोन-तीन भाग पाला असे थर द्यावेत, वर शेणकाला शिंपडावा. मूठभर मिश्रण घट्ट दाबल्यावर बोटांतून जेमतेम एखादा थेंब यावा. धार लागली तर ओल जास्त झाली आणि दुर्गंधी ठरलेलीच. त्यावेळी आणखी सुका पाला मिसळून ढीग खालीवर करावा.

मुरूम:
आपला हेतू योग्य आहे, पण कंपोस्ट म्हणजे माती नव्हे. मातीतील चिकणकण कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅश यांसारखी अन्नद्रव्ये धरून ठेवतात आणि ते कण कुजत नाहीत. सेंद्रिय पदार्थ मात्र कुजतच राहतो, म्हणून जूनमध्ये काठोकाठ भरलेली कुंडी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बरीच खचलेली दिसते. मेथी, पालक, फार तर टोमॅटोपर्यंत हे चालून जाते, कारण पीक निघाले की आपण कुंडी पुन्हा भरतो. कढीपत्ता किंवा लिंबू यांसारखी वर्षानुवर्षे एकाच कुंडीत राहणारी झाडे अशा भरावात डुगडुगू लागतात आणि त्यांची वरची मुळे उघडी पडतात. शिवाय निव्वळ कंपोस्ट एकदा कडकडीत वाळले की पाणी कडेने निसटून खालच्या भोकातून बाहेर पडते व मधला गोळा कोरडाच राहतो. त्यामुळे निदान तिसरा हिस्सा खरी माती हवीच, असे माझे ठाम मत आहे.

तुळई:
मी बांधकाम क्षेत्रातील आहे, म्हणून वजनाचा मुद्दा मांडतो. पाण्याने भिजलेल्या मातीचे वजन घनमीटरला साधारण 1,600 ते 2,000 किलो भरते, म्हणजे फूटभर जाडीचा वाफा चौरस मीटरला 500 किलोंच्या घरात जातो. वावर असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकातील चल भार, म्हणजे माणसे व हलवता येणाऱ्या वस्तूंचे वजन, चौरस मीटरला सुमारे 150 किलो इतकाच धरला जातो. कंपोस्ट मातीपेक्षा हलके असल्याने हा हिशेब ‘पानगळ’ यांच्या बाजूचा वाटेल. परंतु पाणी प्यालेल्या कंपोस्टचा तेवढाच जाड वाफाही ही मर्यादा सहज ओलांडतो. वाफे गच्चीच्या मध्यभागी न घालता तुळयांच्या (बीमच्या) रेषेत ठेवावेत आणि त्याआधी संरचना अभियंत्याला दाखवावे.

वऱ्हाडकर:
आमच्याकडची काळी माती चुनखडीयुक्त असल्याने गुलाबाची कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोह मातीत असते, पण अशा मातीत ते झाडाला घेता येत नाही. लोक यावर लाल माती मागवतात. त्याऐवजी कुजलेले शेणखत दरवर्षी मिसळत राहिले तर पुष्कळ फरक पडतो, त्यामुळे माझा कल मूळ प्रस्तावाकडे आहे.

पानगळ:
‘मुरूम’ यांचा चिकणकणांचा मुद्दा मला मान्य आहे, पण त्यासाठी गोणी कशाला? बहुतेक घरांत मेलेल्या झाडांच्या जुन्या कुंड्या पडून असतात. त्यांतील माती फोडून, जाड मुळे काढून नव्या कंपोस्टमध्ये मिसळली की तो तिसरा हिस्सा घरातच मिळतो.

मुरूम:
मिळतो, मात्र ती कुंडी वांग्याची किंवा टोमॅटोची असेल तर आधी मुळे पाहावीत. त्यांवर मण्यांसारख्या गाठी दिसल्या तर तो सूत्रकृमींचा, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म कृमींचा, प्रादुर्भाव असतो आणि अशी माती सगळ्या बागेत मिसळणे म्हणजे रोग वाटून देणे होय. ती ओली करून एप्रिल-मे महिन्यांत पारदर्शक प्लास्टिकखाली पातळ थरात चार ते सहा आठवडे तापवावी आणि त्यानंतर तिच्यात निदान एक हंगाम वांगे, टोमॅटो किंवा भेंडी लावू नये. ज्यांना एवढी खटपट जमणार नाही, त्यांनी एखादी गोणी आणली तर त्यांना दोष देणे मला पटत नाही.