ॲपचं काम लोकांना दिसायला हवं का? (चर्चा)

रत्नांग्रीकर (धागाकर्ता):
भरती-ओहोटी आणि उधाण-भांग (मोठी आणि छोटी भरती) दाखवणारं आपलं ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेलं ॲप. कमिट (कोडमधले नोंदवलेले बदल) चालूच असतात, पण बाहेरच्याला पेजवर शेवटचं रिलीज गेल्या गणपतीतलं दिसतं, मग तो म्हणणारच की प्रोजेक्ट गेला. परवा एका कॉलेजच्या पोराचा मेसेज, "दादा हे अजून चालू आहे का?" आणि त्याच सकाळी हर्णैची वेळ दुरुस्त झालेली! माझं म्हणणं, दर अमावास्येला मराठीत चार ओळींचं पत्रक टाकूया, काय झालं, कुठे अडलंय, नवख्याने काय उचलावं. ग्नोमवाले (लिनक्सचा डेस्कटॉप बनवणारे) 2021 पासून दर आठवड्याला टाकतात, त्यात बाता नसतात, अमुक बटण सुधारलं, तमुक क्रॅश गेला एवढंच.

देवगडचा हापूस:
नको रे बाबा. ग्नोमकडे माणसं आहेत, आपण तिघं, त्यातला एक जून-जुलैच्या मासेमारी बंदीतच मोकळा. आणि गर्दी जमवून काय होतं ते 2020 च्या हॅक्टोबरफेस्टला (ऑक्टोबरभर ओपन सोर्सला हातभार लावा, टीशर्ट मिळवा असा उपक्रम) बघितलंय, टीशर्टसाठी लोकांनी रीडमीत (प्रोजेक्टच्या माहितीच्या फाइलीत) एखादा शब्द घुसवून पुल रिक्वेस्टचा, म्हणजे "माझा बदल घ्या" अशा विनंत्यांचा पाऊस पाडला, शेवटी महिना सुरू होऊन चार दिवस होत नाहीत तोच आयोजकांना नियम बदलावा लागला की ज्या प्रोजेक्टने होकार दिलाय तिथलंच धरणार. एसक्यूलाइट हा डेटाबेस बघ, कोड सगळ्यांना खुला पण बाहेरच्याने केलेला बदल सहसा घेत नाहीत, अडलं का त्यांचं काही? झाकली मूठ बरी.

कुडाळची:
एसक्यूलाइटचं उदाहरण इथे लागू नाही हो, तिथे पगारी माणसं आहेत. एकट्याने गपचूप चालवलं की काय होतं ते एक्सझेडमध्ये (फाइली दाबून लहान करणारं, लिनक्समध्ये सगळीकडे असलेलं सॉफ्टवेअर) दिसलं ना, मार्च 2024. एकच दमलेला माणूस सांभाळत होता, भलत्याने मदतनीस बनून दोनेक वर्षं विश्वास कमावला आणि बॅकडोअर, म्हणजे आत शिरायचा चोरदरवाजा घातला. सापडलं कसं, तर एकाला एसएसएच लॉगिनला (दुसऱ्या कॉम्प्युटरवर लांबून शिरताना) अर्धा सेकंद उशीर खटकला!

देवगडचा हापूस:
हे तर माझ्याच बाजूचं झालं. तिथे "काम किती हळू चाललंय, दुसरा माणूस घ्या" अशी बोंब मारूनच त्या बिचाऱ्यावर दबाव आणलेला. तू दर महिन्याला काम दाखवणार, एका महिन्यात काही झालं नाही की लोक विचारणार, झोपलात काय?

रत्नांग्रीकर:
मग लिहायचं की या महिन्यात कोणाला वेळ नव्हता. त्यात लाज कसली. दमलोय हे आधीच चारचौघांना माहीत असलं तर भलत्याच्या दबावाला बळी पडायची वेळ कमी येते, असं मला वाटतं. आणि मी कमिटचे आकडे मिरवा म्हणत नाहीये, गिटहबनेच (जिथे आपला कोड ठेवतो ती साइट) 2016 ला सलग किती दिवस कमिट केलं तो आकडा काढून टाकला, त्या नादात माणसं सुट्टीच्या दिवशी पण काहीतरी ढकलत होती.

मालवणचे काका:
मेल्यांनो, तुमचा ता कमिट-बिमिट माका कळणा नाय. पुनवेक तुमचा ॲप बारा वाजता भरती दाखवता, हय पाणी त्याच्या आदीच भरता. झिलाक सांगलंय, तो म्हणता गिटहबवर घाला. ता खंय आसता?

कुडाळची:
काका, एकदम बरोबर पकडलंत! तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते हा हिशोब मुंबई-अलिबागकडे बरा जुळतो, पण आपल्या किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून वर सरकते, म्हणजे मालवणला आधी येणारच. कोणीतरी मुंबईचीच वेळ सरसकट लावलेली दिसतेय. हापूस, सांग, हे काकांनी कुठे सांगायचं होतं?

देवगडचा हापूस:
त्याला ॲपमध्ये "वेळ चुकली" असं एक बटण पुरे, पत्रक कशाला?

रत्नांग्रीकर:
बटण टाक ना मग. आणि बटण आहे हे काकांना कसं कळणार?

देवगडचा हापूस:
बरं, मालवणच्या वेळेचा इश्यू (गिटहबवरची तक्रारीची नोंद) मी उघडतो, बटण पण टाकतो. पत्रक तुम्ही लिहा. माझं नाव त्यात घालायचं नाही, आमच्या वाडीत लगेच सगळे मोबाईल दुरुस्तीला आणतात.